बंगला बुक करण्याआधी टेबल मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीचा फराळ संपला की कॉलेजच्या जुन्या ग्रुपांवर तोच विषय निघतो. जानेवारीत परदेशातले दोघंतिघं येतायत, दोन दिवस कुठंतरी जाऊ या. यातल्या काही ग्रुपांनी एकेकाळी होस्टेलच्या खोलीत रात्र रात्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळलेलं असतं. ‘या वेळी जाऊ ते खेळायलाच,’ असं ठरतं. शुक्रवारी रात्री जोरात सुरू झालेला खेळ शनिवारी जेवणानंतर बंद पडतो, दोघं झोपतात, एक जण फोन घेऊन गच्चीत जातो आणि ‘आता आपलं वय राहिलं नाही’ असं म्हणत सगळे परततात. वयाचा इथे काही संबंध नसतो. माणसं किती, तास किती आणि बसायचं कुठं, हे घरून निघण्याआधी कुणी ठरवलेलं नसतं. डिसेंबर-जानेवारीचे बेत आता ठरत असतील, म्हणून हे पत्र.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ प्रसिद्ध केला. एक जण प्रसंग उभा करतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या प्रसंगात काय करायचं ते सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासा टाकून निकाल लागतो. प्रसंग उभा करणाऱ्याला इंग्रजीत डंजन मास्टर म्हणतात. मराठीत आपल्याकडे ‘सूत्रधार’ हा त्याहून चांगला शब्द आहे, तोच इथे वापरतो.

पहिला प्रश्न डोक्यांचा. एक सूत्रधार आणि चार किंवा पाच खेळाडू, याहून जास्त एका टेबलावर नकोत. हिशोब साधा आहे. लढाईत एका खेळाडूच्या पाळीला दोन-अडीच मिनिटं लागतात आणि शत्रूंच्या पाळीला चारेक मिनिटं. पाच जण असतील तर एक फेरी सोळा-सतरा मिनिटांत होते आणि चार फेऱ्यांची लढाई तासाभरात आटोपते. आठ जण असतील तर फेरी चोवीस मिनिटांच्या आसपास जाते, म्हणजे आपली पाळी झाली की पुढच्या पाळीपर्यंत वीस-बावीस मिनिटं नुसतं बसायचं. तेवढ्या वेळात कुणीही फोन काढेल. दोष त्या माणसाचा नसतो. म्हणून आठ-नऊ जण येणार असतील तर दोन सूत्रधार आणि दोन टेबलं धरा, दोन वेगवेगळ्या खोल्यांत. एकाच हॉलमध्ये दोन टेबलं लावली तर दोन्हीकडचा आवाज एकमेकांत मिसळतो आणि दोन्ही सूत्रधारांचे घसे बसतात.

तारखेबद्दल. २४ डिसेंबर ते १ जानेवारी या दिवसांत कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी भाडं चढलेलं असतं आणि घाटात गाड्या अडकलेल्या असतात. जानेवारीचा दुसरा आठवडा धरा. परदेशातून आलेले बहुतेक जण तोवर इथेच असतात. शक्य असेल तर शुक्रवार-रविवारऐवजी रविवार-मंगळवार असं करा. रविवारी दुपारनंतर बंगले रिकामे होतात आणि मालक भाव कमी करायला तयार असतो. कोकणात रेल्वेनं जाणार असाल तर आरक्षण सध्या ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तारीख त्याच्याही आधी पक्की हवी. दापोलीसाठी खेड स्टेशन आणि तिथून पुढचा घाट धरून वेळ मोजा. पावसाळ्यात जायला आमची हरकत नाही, उलट बाहेर धो धो पाऊस असला की माणसं आपसूक टेबलापाशी राहतात. फक्त दमट हवेत छापलेले कागद आणि पत्ते दोन दिवसांत लोळागोळा होतात, ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवावे लागतात. वीजही जाते, त्याचं पुढे सांगतो.

जागा निवडताना एक गोष्ट आम्ही आग्रहानं सांगू. जवळ बघण्यासारखं फार काही नाही, अशी जागा घ्या. महाबळेश्वरला गेलं की पॉइंट खुणावतात, गुहागरला गेलं की समुद्र. ‘तासाभरात येतो’ म्हणून गेलेले तिघं साडेतीन तासांनी परत येतात आणि सकाळचा अख्खा भाग वाया जातो. वाईच्या अलीकडचं एखादं शेतघर, कर्जतच्या आतल्या गावातला बंगला, असलं काही बघा. मुंबई आणि पुणे अशी दोन्हीकडची माणसं असतील तर कर्जत मधे पडतं.

आता टेबल. बुकिंगच्या वेळी माणसं गाद्या मोजतात, एसी आहे का विचारतात, स्विमिंग पूल विचारतात. टेबलाचं कुणी विचारत नाही, आणि सगळं अडतं तिथेच. बहुतेक बंगल्यांत सोफ्यासमोर टीपॉय असतो, सतरा-अठरा इंच उंचीचा. त्यावर वाकून तीन तास खेळलं की चाळिशीच्या कमरा बोलायला लागतात. हवं ते जेवणाच्या टेबलाच्या उंचीचं, म्हणजे २९-३० इंच, सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, आणि त्याभोवती पाठ असलेल्या सहा खुर्च्या. केअरटेकरला फोनवर ‘मोठं टेबल आहे का’ विचारलंत तर उत्तर ‘हो’ असंच येतं. टेप लावून मोजायला सांगा आणि फोटो मागवा. नसेल तर गावातल्या मंडपवाल्याकडून केटरिंगची दोन लांब टेबलं भाड्यानं घ्या आणि एकमेकांना चिकटवून लावा. मधल्या फटीत फासे जातात, म्हणून वर जाड चादर ताणून बांधा.

नकाशाचं मापही याच टेबलावर ठरतं. लढाईच्या नकाशात एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट. दुकानात मिळणारा २२ बाय २८ इंचांचा पूर्ण कार्डशीट तीन फुटी टेबलावर आडवा पसरला तर दोन्ही बाजूंना सात-सात इंच उरतात. तिथे ए-फोर कागद आडवाही मावत नाही, मग पात्रांचे कागद मांडीवर जातात आणि तिथून जमिनीवर. कार्डशीट अर्धा कापून १४ बाय २२ करा. दोन्हीकडे अकरा इंच सुटतात, कागद आडवा बसतो आणि फासे टाकायलाही जागा राहते. वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून व्हाइटबोर्ड मार्करनं भिंती, दारं काढता येतात. रात्री झोपण्याआधी ते पुसा. काही प्लास्टिकवर शाई रात्रभरात मुरते आणि सकाळी सॅनिटायझरनं घासावी लागते.

पात्रांसाठी घरातल्या कॅरमच्या सोंगट्या घेऊन जाण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्या तीन सेंटिमीटरहून मोठ्या असतात आणि इंच म्हणजे अडीच. शेजारशेजारी उभी केलेली दोन पात्रं एकमेकांवर चढतात, मग कोण कुणाच्या टप्प्यात आहे यावरून वाद. एक रुपयाची नाणी, शर्टाची बटणं, लुडोच्या सोंगट्या नीट बसतात. ऑगर या राक्षसासारख्या धिप्पाड शत्रूला नियमानं दोन बाय दोन चौकोन लागतात. तिथे कॅरमची सोंगटी खुशाल वापरा.

फाशांचा एक संच सात फाशांचा : ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचे प्रत्येकी एक, आणि १० बाजूंचे दोन, त्यातला एक दशकाचा. प्रत्येकाला एक संच आणि वर दोन जास्तीचे. बऱ्याच वर्षांनी बसलेला माणूस ८ आणि १० बाजूंचे फासे हमखास गोंधळतो, तसेच १२ आणि २० बाजूंचेही. यावर सोपा उपाय म्हणजे सगळ्यांचे वीस बाजूंचे फासे एकाच रंगाचे घ्या, लाल म्हणजे वीस. फासे टाकायला स्टीलचं ताट आणि त्यात जुना नॅपकिन. नॅपकिन नसेल तर आवाजानं शेजारच्या खोलीत झोपलेला जागा होतो. चार बाजूंचा फासा जमिनीवर राहू देऊ नका, अनवाणी पायाला तो फार लागतो.

वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर असतो, पण त्यावर काय चालतं हे विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी एक दिवा आणि एक पंखा प्रत्येक खोलीत, प्लगचा पॉइंट नाही. टेबल त्या दिव्याखाली लावा, खिडकीतली जागा कितीही छान असली तरी. चार्जिंगचा एक कंदील आणि पाच मीटरची एक्स्टेन्शन वायर गाडीत टाका. मेणबत्त्या वातावरणाला शोभतात, वाचायला उपयोगी नाहीत, आणि टेबलावर कागदच कागद असतात. नेटवर्कवर विसंबू नका, लागेल ते सगळं छापून न्या. छापताना अक्षर १४ पॉइंटचं ठेवा. इंग्रजी पुस्तकातल्या बारीक अक्षरासाठी चष्मे वर-खाली करण्यात पाळ्या लांबतात, आणि वाचायचा चष्मा घरी विसरणारा एक तरी असतोच.

नियमांचं. २००३ नंतर होस्टेलात शिकलेल्यांच्या डोक्यात ३.५ आवृत्ती असते. पाचवी आवृत्ती २०१४ साली आली आणि २०२४ मध्ये तिचे नियम सुधारले. तिन्ही आवृत्त्या आठवणीत एकमेकींत मिसळलेल्या असतात. ३.५ मध्ये बचावाचे तीन प्रकार होते, पाचवीत सहा आहेत. पाचवीत अनुकूल परिस्थितीत वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा धरतात, प्रतिकूल परिस्थितीत लहान. ते ३.५ वाल्यांच्या हाताला नसतं. कुठली आवृत्ती ते आधी जाहीर करा. आमचं मत २०१४ च्या पाचवीला. तिचा ५.१ हा मूळ नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे, म्हणजे हवी ती पानं बिनधास्त छापून सगळ्यांना वाटता येतात. वादग्रस्त नियमाचा निकाल सूत्रधारानं दोन मिनिटांत द्यायचा, तो त्या दिवसापुरता सगळ्यांनी मानायचा आणि पुस्तक जेवताना उघडायचं. पुस्तकात शोधाशोध करत बसलं की दोन दिवसांतला तासभर त्यात जातो.

पात्रं जागेवर जाऊन बनवू नका. पाच जणांची पात्रं बनवायला तीन तास लागतात आणि शुक्रवारची रात्र तिथेच संपते. तीन आठवडे आधी दीड तासाचा व्हिडिओ कॉल करा आणि तिथेच ती पुरी करा. पाच खेळाडूंसाठी सहा पात्रं तयार ठेवा, तिसऱ्या पातळीची. पहिल्या पातळीवर एका फटक्यात पात्र पडतं, पाचव्यापासून पुढे मंत्रांची यादी इतकी वाढते की प्रत्येक पाळीला विचार करत बसावं लागतं. तिसरी मधली आणि बरी. औषधपाणी करणारी पात्रं दोन ठेवा, कारण शेवटच्या आठवड्यात एक जण गळतो आणि नेमका तोच क्लेरिक, म्हणजे औषधपाणी करणारा, असतो. प्रत्येकानं आपलं पात्र दुसऱ्या एकाला कसं ओळखतं ते एका ओळीत लिहून आणायचं. धर्मशाळेत अनोळखी माणसं एकत्र येतात, या सुरुवातीवर पाऊण तास जातो. वीसेक वर्षांची मैत्री असलेल्यांनी अनोळखी असल्याचा अभिनय कशाला करायचा?

याच कॉलवर आणखी एक बोलणं करून घ्या, आणि ते टाळू नका. गोष्टीत काय नको, ते. लहान मुलांवरचे अत्याचार, आत्महत्या, आजारपण, जातीवरून शिव्या, ज्याला जे नको ते त्यानं कारण न सांगता सांगायचं आणि ते गोष्टीत आणायचं नाही. खेळताना टेबलावर ‘एक्स’ लिहिलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, प्रश्न विचारायचा नाही. ही एक्स-कार्डची पद्धत जॉन स्टाव्हरोपुलॉस यांची आहे. जुन्या मित्रांना हे परकं वाटतं, ‘आपल्यात काय एवढं’ म्हणतात. पण आपण मित्राला ओळखतो ते विसाव्या वर्षीच्या. मधल्या वर्षांत कुणाचे वडील गेले, कुणाचं घर मोडलं, कुणी काय सोसलं, ते ग्रुपवर आलेलं नसतं. सूत्रधारानं गमतीत उभा केलेला रुग्णालयाचा प्रसंग एखाद्याला फार लागू शकतो, आणि तो काही बोलणार नाही.

तासांचा अंदाज सगळ्यांचा चुकतो. दोन रात्री म्हटल्यावर तीसेक तास खेळू असं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या रात्री साडेआठ ते अकरा, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ ते पाऊण, संध्याकाळी चार ते आठ, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ ते साडेदहा. झाले पावणेबारा तास, त्यातून दर दीड तासानं दहा मिनिटं सुटी काढली की अकराच्या आत. सकाळी साडेनऊच्या आधी सुरू होत नाही, कारण सहा माणसं, दोन न्हाणीघरं आणि माणशी वीस मिनिटं, म्हणजे तास तिथेच गेला. तिसऱ्या सकाळी लवकर बसायचं म्हणून आंघोळी निघताना करा. दुपारी दोन ते चार टेबलावर बसू नका. कालवण-भात जेवलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट जागी ठेवू शकत नाही. घरचे फोन त्या वेळेत आणि रात्री आठनंतर करायचे, तसं घरी आधीच सांगून ठेवायचं. मग खेळताना फोन पालथा ठेवणं कुणाला जड जात नाही.

दुसरी रात्र मुद्दाम मोकळी सोडली आहे. जुने मित्र भेटतात ते गप्पा मारायला. त्या गप्पांना स्वतःची वेळ दिली नाही तर त्या खेळात घुसतात. एकीकडे किल्ल्याचा दरवाजा फोडायचा असतो आणि दुसरीकडे कुणाचा फ्लॅट कितीला गेला याची चर्चा. दारूचंही तेच. ज्यांना घ्यायची त्यांनी त्या रात्री आठनंतर घ्यावी. फासे टेबलावर असताना नको, दोन पेगांनंतर बेरजा चुकतात आणि पाळ्या लांबतात.

अकरा तासांत गोष्ट किती मावते? एक लढाई सव्वा तास, बोलण्याचा किंवा शोधाशोधीचा एक प्रसंग अर्धा-पाऊण तास. चार लढाया आणि आठ प्रसंग, एवढंच. सूत्रधार घरी बसून याच्या दुप्पट लिहितो आणि शेवटच्या सकाळी गोष्ट गुंडाळतो. जागा तीनच ठेवा आणि प्रत्येकीत खोलवर जा. सह्याद्रीत भटकलेल्या ग्रुपला किल्ला द्या. राजगडाच्या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला ज्यांच्या पायाखालून गेलाय त्यांना नकाशा समजावून द्यावा लागत नाही. चोरदरवाजा, टाकं, कोठार, बुरूज म्हटलं की डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि वर्णन मराठीत केलं तर बोलणंही खुलतं. किल्ला काल्पनिक ठेवा, इतिहासातली माणसं मात्र गोष्टीत आणू नका. कुणाच्या तोंडी काय घातलं यावरून टेबलावर भांडण लागतं आणि ते सहलीनंतरही मिटत नाही.

लढाया तोलून घ्या. २०१४ च्या नियमांत ऑगरला ५९ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, आहेत आणि त्याचा एक घाव सरासरी १३ चा. तिसऱ्या पातळीच्या जादूगाराकडे असतात अठरा-वीस. म्हणजे दोन घावांत तो आडवा. चार पात्रांसमोर दोन ऑगर हा नियमांच्या हिशोबानं कठीण सामना आहे, तीन ऑगर प्राणघातकच्याही बराच पुढे जातो. पहिल्याच रात्री तीन सोडले तर सगळी पात्रं मरतात आणि दुसऱ्या दिवशी खेळायला काही उरत नाही. उलट एकटा मोठा शत्रू ठेवला तर त्याची एक पाळी आणि यांच्या चार-पाच, तो दोन फेऱ्यांत संपतो. एक मोठा आणि त्याच्याभोवती तीन-चार हलके, हे गणित बसतं. गोष्टीतला मुक्काम आणि बंगल्यातली रात्र एकाच वेळी आणा. आठ तासांच्या विश्रांतीनं पात्रांचे मंत्र आणि हिट पॉइंट भरून निघतात, म्हणजे सकाळी सगळे कोऱ्या कागदानं बसतात आणि काल किती उरले होते हे आठवावं लागत नाही.

खाण्याचं एकच सांगतो. तेलकट फरसाण आणि भेळ टेबलावर आणू नका, हळदीचे पिवळे डाग कागदावर आणि नकाशावर कायमचे बसतात. खाकरा, चिक्की, सोललेली संत्री चालतील. चहाचे कप टेबलावर नकोत, दोन खुर्च्यांमध्ये एक स्टूल ठेवा. भाकऱ्या किती, मासे किती, शाकाहारी कोण, हे केअरटेकरला दोन दिवस आधी लिहून पाठवा. सूत्रधाराला स्वयंपाक, गाडी चालवणं आणि पैशांचा हिशोब यातलं काहीही देऊ नका. दिवसभर सगळ्यात जास्त बोलतो तो. त्याला कोमट पाणी द्या, आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मागचं सांगण्याचं काम एखाद्या खेळाडूनं करा.

पैशांचं काम ज्याचा कुणाला राग येत नाही अशा एकाकडे. बंगल्याचं भाडं माणसांवर नसतं, बंगल्यावर असतं. सहातला एक गळला तर उरलेल्या पाचांचा वाटा २० टक्क्यांनी वाढतो. म्हणून निम्मी रक्कम ४५ दिवस आधी जमा करून घ्या, आणि त्यानंतर गळणाऱ्याला ती परत मिळणार नाही हे तारीख ठरवतानाच सगळ्यांसमोर सांगा. नंतर सांगितलं की मैत्रीवर येतं.

शेवटच्या सकाळी साडेदहाला फासे खाली ठेवायचे, कारण अकराला चेक-आउट. त्या आधीची वीस मिनिटं प्रत्येकानं आपल्या पात्राचं पुढे काय झालं ते दोन-तीन मिनिटांत सांगायला राखून ठेवा. गोष्ट अपुरी राहिली असली तरी ही वीस मिनिटं खाऊ नका. पात्रांच्या कागदांचे फोटो तिथेच काढा, गाडीत बसल्यावर कुणी काढत नाही.

आपल्या पर्यटन पुरवणीत घरगुती निवासांची माहिती येते, त्यात खोल्या आणि जेवण यांच्या जोडीला जेवणाच्या टेबलाचं माप, पाठीच्या खुर्च्यांची संख्या आणि इन्व्हर्टरवर कुठले पॉइंट चालतात, एवढं छापता आलं तर छापावं, ही विनंती. निवास-न्याहरी चालवणाऱ्या मंडळींनाही सांगणं आहे की एक सहा फुटी टेबल आणि त्यावर एक चांगला दिवा एवढ्यानं आडवारी गिऱ्हाईक येतं, आणि ते दिवसभर घरातच बसतं.

आपले,
काही वाचक, पुणे